पावडर चांगली की वाईट, हे पाण्याला विचारा

कपडे धुवायला महागडं लिक्विड घ्यावं की साधी पावडर, हा वाद सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकदा पेटला की दोन दिवस विझत नाही. एक पक्ष म्हणतो, सगळ्या कंपन्या एकच माल वेगवेगळ्या पाकिटांत भरतात, आपण पैसे मोजतो ते जाहिरातीचे. दुसरा म्हणतो, स्वस्त पावडरीनं कपडे वर्षभरात विटतात, तेव्हा काटकसर कसली? तिसरा पक्ष रिठे आणि धुण्याचा सोडा घेऊन येतो आणि जुन्या काळी धोतरं कशी बगळ्यासारखी पांढरी निघत ते सांगतो. तिघांच्याही हाती पुरावा एकच असतो: आम्ही वापरलं आणि आम्हाला आवडलं, किंवा नाही आवडलं. ऑनलाइन दुकानांतल्या ताऱ्यांमागेही याहून जास्त काही नसतं. या समाधानाला पुरावा मानणं हीच वादातली मूळ चूक आहे. पाणी किती जड होतं, पावडर किती ग्रॅम टाकली, पाणी गार होतं की कोमट, मशीन कुठलं, आणि हे मत कितव्या धुलाईनंतरचं, एवढं कळल्याशिवाय 'मस्त आहे' आणि 'बेकार आहे' ही दोन्ही मतं पावडरीबद्दल काहीच सांगत नाहीत. ग्राहक हे सांगत नाही यात त्याचा दोष थोडा. त्यातले पहिले दोन आकडे त्याला कुणी दिलेलेच नसतात. म्हणून भांडायचंच असेल तर ब्रँडवरून भांडण्यात अर्थ नाही. पाण्याच्या जडपणानुसार मात्रा आणि घटकांचं प्रमाण पाकिटावर छापा, आणि पाण्याचा जडपणा पाणीपट्टीच्या बिलावर छापा, या दोन मागण्यांसाठी भांडावं.

आधी पाण्याचं गणित. जड पाणी, म्हणजे शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन म्हणतात ते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्यांचं मोजमाप कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये देतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, ही मर्यादा 200 आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत मुभा आहे. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेल्या दोन पाण्यांतही धुण्याच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणाचं तलावाचं पाणी मिळतं, ते मऊ. पुण्यात खडकवासल्याचं नळाचं पाणीही तसंच. पण पुण्याच्याच कडेला, टँकर आणि बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांत तीच पावडर टाका, निकाल वेगळा येतो. समजा टॉप लोड मशीनमध्ये 50 लिटर पाणी आहे. जडपणा 60 असेल तर त्या पाण्यात 3 ग्रॅम खडूइतका क्षार असतो आणि तो निकामी करायला साधारण 3.2 ग्रॅम निर्जल सोडा लागतो. जडपणा 400 असेल तर क्षार 20 ग्रॅम आणि सोडा 21 ग्रॅम. साठ ग्रॅमच्या चमच्यात तिसरा हिस्सा सोडा धरला तर तो सगळाच्या सगळा पाण्यावर खर्च झाला, मळाच्या वाट्याला त्यातलं काही उरलं नाही. हा कागदावरचा हिशेब झाला. गार पाण्यात सोडा सावकाश काम करतो, त्यामुळे खरी परिस्थिती याहून वाईट. फ्रंट लोडमध्ये धुताना 15 लिटरच पाणी असेल, तर त्याच 400 च्या पाण्याला साडेसहा ग्रॅम सोडा पुरतो. मग फ्रंट लोडवाल्याला जी पावडर उत्तम वाटते ती टॉप लोडवाल्याला टाकाऊ वाटली, तर खोटं कोण बोलतंय?

आणि सोड्यानं पकडलेलं कॅल्शियम हवेत विरत नाही. त्याचा बारीक खडू होतो आणि तो कापडाच्या धाग्यांवर बसतो. टॉवेल पापडासारखा कडक होतो, काळ्या पँटवर पांढरट रेघा उठतात, पांढरा सदरा हळूहळू राखाडी पडतो. ग्राहक म्हणतो पावडर नीट विरघळली नाही, म्हणून पुढच्या वेळी कमी टाकतो. मग क्षार सगळा पकडलाच जात नाही आणि मळही निघत नाही. चांगल्या पावडरींत याच कामासाठी झिओलाइट, सायट्रेट किंवा पॉलिमर असतात. ते कॅल्शियमला धरून ठेवतात किंवा त्याचा थर बसू देत नाहीत. महाग पावडरीतला खरा पैसा बऱ्याचदा इथे असतो, सुगंधात नसतो. मऊ पाण्याच्या गावात मात्र हा पैसा फुकट जातो. 'सगळ्या पावडरी सारख्याच' असं मुंबईकरानं म्हटलं तर त्याच्या नळापुरतं ते बरंचसं खरंही असेल.

जर्मनीत हेंकेल कंपनीतले हर्बर्ट सिनर यांनी 1959 मध्ये धुलाईचे चार घटक एका वर्तुळात मांडले: रसायन, उष्णता, घासणं-आपटणं आणि वेळ. एक कमी केलात तर दुसरा वाढवावा लागतो. आपल्याकडचा परीट हेच वर्तुळ न आखता चालवत होता. खारात भिजवणं, भट्टीवर उकळणं, दगडावर आपटणं, उन्हात टाकणं. जुन्या धोतराच्या शुभ्रपणाचं सगळं श्रेय रिठ्याला किंवा सोड्याला देणारे यातली भट्टी आणि दगड सोयीस्करपणे विसरतात. आज गार पाणी, पंधरा मिनिटांचं क्विक वॉश आणि ठासून भरलेला ड्रम असा कारभार करून उरलेल्या एकट्या रसायनाकडून चौघांचं काम मागायचं आणि जमलं नाही की पाकिटाला शिव्या द्यायच्या, हे न्याय्य आहे का?

आता दुसरी बाजू. तिचा सगळ्यांत भक्कम मुद्दा असा की गिऱ्हाईक खुळं नसतं. हे खरं आहे आणि भारतात ते एकदा जाहीरपणे सिद्ध झालं आहे. सर्फ 1959 मध्ये बाजारात आली, तेव्हापासून डिटर्जंट पावडर म्हणजे पैसेवाल्यांची चैन होती. 1969 मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी निरमा काढली आणि सर्फच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भावात विकायला सुरुवात केली. तीत भपका नव्हता. जाणकारांनी नाकं मुरडली असतील, पण कोट्यवधी घरांनी ती वापरून पाहिली, आपल्याला पुरेशी आहे असं ठरवलं, आणि सर्फ बनवणाऱ्या हिंदुस्थान लिव्हरला झक मारत व्हील ही स्वस्त पावडर आणावी लागली. ग्राहकांच्या समाधानानं इथे तज्ज्ञांना आणि बड्या कंपनीला धडा दिला. तेव्हा समाधान कुचकामी आहे असं म्हणणं उद्धटपणाचं होईल. मात्र त्या समाधानानं नेमकं काय मोजलं ते पाहा. किंमत आणि त्याच दिवशी दिसणारा मळ, या दोन गोष्टी कुणालाही घरी मोजता येतात, आणि त्या निरमानं जिंकल्या. सोड्याचा भरपूर भरणा असलेल्या पावडरीनं हात किती सोलवटतात हेही बाईला कळत होतंच, पण ते तिनं पैशाच्या पारड्यात टाकलं. ज्या गोष्टी घरी दिसत नाहीत, हळूहळू घडतात किंवा दुसऱ्याच्या दारात घडतात, त्यांच्याबद्दल हे समाधान मुकं असतं.

फेसाचंच घ्या. फेस म्हणजे साबणाचा पुरावा, ही समजूत अडाणीपणाची मानली जाते. ती मुळात अडाणीपणाची नव्हती. अ‍ॅबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी 1840 च्या दशकात पाण्याचा जडपणा मोजायची जी पद्धत रूढ केली ती फेसावरच उभी होती. मोजून घेतलेल्या पाण्यात साबणाचं ठरावीक द्रावण थोडं थोडं टाकायचं, बाटली हलवायची, आणि फेस पाच मिनिटं टिकला की थांबायचं. किती द्रावण लागलं यावरून जडपणा ठरे. साध्या साबणाचा फेस पाण्यातलं कॅल्शियम संपल्याशिवाय येतच नाही, त्यामुळे वडी घासून फेस आला की थांबणारी बाई रोज हाच प्रयोग न्हाणीत करत होती. घोटाळा झाला तो डिटर्जंट आल्यावर. डिटर्जंट जड पाण्यातही बऱ्यापैकी फेसाळतो, आणि फेस वाढवायचे किंवा मारायचे पदार्थ वेगळे टाकता येतात. फ्रंट लोडच्या पावडरीत फेस मुद्दाम मारलेला असतो, कारण फेसाची गादी झाली की कपडे ड्रममध्ये आपटत नाहीत, नुसते तरंगतात. मशीनही फेस ओळखून खळबळण्याची वेळ वाढवतं. तरीही 'या पावडरीला फेसच नाही' ही तक्रार एका ताऱ्यासकट जागोजागी दिसते. जो काटा शंभर वर्षं बरोबर चालला तो आता दुसरंच काही दाखवतो, आणि हे वापरणाऱ्याला कुणी सांगितलेलं नाही. बादलीत हातानं धुणाऱ्याला फेसाची किंमत आणखी एका ठिकाणी मोजावी लागते. फेस जाईपर्यंत तो विसळत राहतो, आणि ज्या गावात टँकर चार दिवसांनी येतो तिथे विसळण्याची एक जादा बादली ही चैन असते.

पांढरेपणाची गोष्ट याहून गमतीची. कापूस जुना झाला की पिवळसर पडतो. त्यावर निळीची छटा दिली की डोळ्याला तो पांढरा दिसतो, मळ होता तिथेच राहतो. नीळ जास्त झाली किंवा नीट ढवळली नाही तर निळे डाग पडतात, म्हणून जुन्या बायका ती फडक्यात बांधून पाण्यात फिरवत. पुढे टिनोपॉल आलं आणि आता तसलेच पदार्थ बहुतेक पावडरींत आधीच मिसळलेले असतात. ते उन्हातले अतिनील किरण शोषतात आणि निळसर उजेड परत टाकतात. अंगणात सदरा झगझगतो, ट्यूबलाइटखाली तेवढा नाही. यात फसवणूक आहे असं म्हणणार नाही. शुभ्र दिसावं ही इच्छा प्रामाणिक आहे आणि ती पुरी होते. पण त्यावरून मळ गेला असा निष्कर्ष काढता येत नाही. मोतिया किंवा फिक्या गुलाबी सुती कपड्यावर हेच द्रव्य बसलं की मूळ रंग मारला जातो, आणि असं द्रव्य पावडरीत आहे की नाही हे आपल्याकडच्या बहुतेक पाकिटांवर शोधून सापडत नाही. पावडरीतले निळे-हिरवे दाणे हा तर निव्वळ देखावा. काही पाकिटांत ते एन्झाइमचे दाणे असतात, काहींत रंगवलेला सोडा किंवा मीठ. बाहेरून दोन्ही सारखेच.

वासाचा मुद्दा पावसाळ्यात निघतो. कोकणात आणि मुंबईत चार दिवस न वाळलेल्या कपड्यांना जो कुबट वास येतो, तो धाग्यांत उरलेल्या घामाच्या तेलकटपणावर वाढणाऱ्या जीवाणूंचा असतो. अत्तर जास्त असलेल्या लिक्विडनं तो दबतो, कपडा अंगावर चढून घाम आला की परत येतो. मूळ उपाय तेलकटपणा काढणं, महिन्यातून एकदा 60 अंशांवर धुणं, कपडे दाटीनं न टांगणं आणि पंखा लावणं. तरीही समाधानाच्या चाचणीत इथे अत्तर जिंकणार हे उघड आहे, कारण तारे कपडा हातात घेऊन हुंगल्यावर दिले जातात.

समाधान आणि नुकसान यांच्या वेळा जुळत नाहीत, याचा धडा युरोपला 1994 मध्ये मिळाला. युनिलिव्हरनं ब्रिटनमध्ये पर्सिल पॉवर नावाची पावडर आणली. तीत मँगनीजचा एक उत्प्रेरक होता, तो कमी तापमानालाही डाग जोरात काढायचा. पहिल्या धुलायांत निकाल झकास. प्रतिस्पर्धी प्रॉक्टर अँड गॅम्बलनं आरोप केला की यानं कपडे विरतात, आणि फाटक्या कपड्यांचे फोटोच वर्तमानपत्रांपुढे ठेवले. स्पर्धकाचा कांगावा म्हणून तो सहज झटकता आला असता, पण वारंवार धुऊन केलेल्या चाचण्यांत कापडाची ताकद खरोखरच घटलेली निघाली. आधी मँगनीज कमी करून पाहिलं, शेवटी 1995 च्या सुरुवातीला ती पावडर मागे पडून दुसरी आली. पहिल्या महिन्यात गिऱ्हाइकांचं समाधान मोजलं असतं तर काय दिसलं असतं? नुकसान पंचविसाव्या धुलाईला दिसतं, मत पहिल्या धुलाईला तयार होतं. आपल्याकडे राखाडी पडलेला सदरा किंवा विरलेली कॉलर पाहून कुणी सहा महिन्यांपूर्वीच्या पाकिटाला जाब विचारत नाही. कपडा जुना झाला म्हणतो आणि पुसायला घेतो.

पावडरीबरोबर विकल्या जाणाऱ्या जोडपदार्थांत तर समाधान जवळजवळ पूर्णपणे वापरण्याच्या पद्धतीवर ठरतं. एन्झाइमला कोमट पाणी, 30 ते 40 अंश, आणि निदान अर्धा तास लागतो. उकळत्या पाण्यात ते मरतं, बर्फगार पाण्यात झोपतं. रक्ताचा डाग आधी गार पाण्यात विसळायचा, गरम पाण्यानं रक्तातलं प्रथिन धाग्यात शिजून बसतं. रेशीम आणि लोकर ही स्वतःच प्रथिनं आहेत. तेव्हा प्रोटीएज, म्हणजे प्रथिन तोडणारं एन्झाइम, असलेल्या लिक्विडमध्ये पैठणी किंवा स्वेटर भिजत घालणं म्हणजे डागाऐवजी कापडच त्याच्या तोंडी देणं. डाग काढायच्या ऑक्सिजनवाल्या पावडरीत सोडियम परकार्बोनेट असतं. चहा, वाइन, फळांच्या रसावर ते उत्तम चालतं, पण त्याची खरी ताकद 40 अंशांच्या वर. गार पाण्यात दोन-तीन तास भिजवायची तयारी हवी. एकदा कालवलेलं द्रावण दुसऱ्या दिवशी निरुपयोगी होतं, आणि ते झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत ठेवलं तर वायू साठून बाटली फुटते. क्लोरीनच्या ब्लीचची आपल्या भागातली गोची वेगळी. बोअरच्या पाण्यात विरघळलेलं लोह असेल तर ब्लीच पडताच त्याचा गंज होतो आणि पांढऱ्या चादरीवर पिवळे-तपकिरी ढग उमटतात. माणूस आणखी ब्लीच ओततो, ढग आणखी गडद. तिथे ब्लीच पूर्ण धुऊन काढायचं आणि बादलीभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून कापड भिजवायचं. ब्लीच आणि आम्ल एकत्र मात्र कधीच नाही, विषारी क्लोरीन सुटतो. फॅब्रिक कंडिशनर डिटर्जंटच्या उलट भाराचा असतो. दोन्ही एकाच पाण्यात पडले की एकमेकांना धरून चिकट गोळे होतात, म्हणून तो शेवटच्या विसळणीतच घालायचा. टॉवेलला तर घालूच नये. टॉवेल मऊ लागतो, पण त्यानं अंग पुसता येत नाही.

हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो तेव्हा बरेच जण पावडरीला दोष देतात. तो लाल रंग म्हणजे हळदीनं साबणातल्या अल्कलीची दिलेली ओळख आहे. विसळून उन्हात टाका, लाली जाते आणि एक-दोन उन्हांत पिवळंही फिकं पडतं. या कामात ऊन कुठल्याही महाग बाटलीला हार जात नाही.

लिक्विड की पावडर, या मूळ प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. पाण्यात विरघळवलेल्या लिक्विडमध्ये ऑक्सिजनचं ब्लीच टिकत नाही आणि पाणी मऊ करणारे पदार्थही बहुधा कमी बसतात. म्हणून तेलकट कॉलर, गडद रंग आणि गार पाणी असेल तर लिक्विड बरं. चिखल, पांढरे सुती कपडे आणि जड पाणी असेल तर पावडर. रिठ्याबद्दल थोडक्यात: त्याचा फेस कॅल्शियमनं फाटत नाही आणि तो सौम्य असतो, त्यामुळे रेशमाला आणि लोकरीला तो आजही चांगला. मेकॅनिकच्या डांगरीला किंवा मुलांच्या शाळेच्या मोज्यांना तो पुरणार नाही.

मग पाकिटावर काय हवं? जर्मनीत 1975 च्या कायद्यानंच पाण्याच्या जडपणानुसार मात्रा छापणं बंधनकारक झालं, आणि पाणी पुरवणाऱ्यांवर जडपणा कळवण्याची जबाबदारी आली. युरोपीय संघाचा 648/2004 हा नियम 2005 पासून लागू आहे. त्यानुसार मऊ, मध्यम आणि जड अशा तीन पाण्यांसाठी, ठरावीक वजनाच्या कपड्यांमागे किती मिलिलिटर किंवा ग्रॅम, हे पाकिटावर द्यावं लागतं. घटकही टक्केवारीच्या पट्ट्यांत सांगावे लागतात: 5 टक्क्यांहून कमी, 5 ते 15, 15 ते 30, त्याहून जास्त. एन्झाइम, पांढरेपणा देणारी द्रव्यं आणि सुगंध यांचा उल्लेख प्रमाण कितीही असलं तरी लागतो. भारतात वैधमापन नियमांखाली आता वजनाच्या एककामागची किंमत छापावी लागते. स्वागतच आहे, पण धुण्याच्या बाबतीत हा आकडा दिशाभूल करू शकतो. समजा एक पावडर 100 रुपये किलो आहे आणि तुमच्या पाण्यात तिची 90 ग्रॅम लागते, दुसरी 200 रुपये किलो आहे आणि 40 ग्रॅम पुरते. पहिलीची धुलाई 9 रुपयांना पडली, दुसरीची 8 ला. ग्रॅमचा भाव पाहणारा स्वस्त समजून महाग माल घरी नेतो. मऊ पाण्यात हेच गणित उलटंही होऊ शकतं. कोष्टक असल्याशिवाय हे कळणार कसं? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाची गुणवत्ता, प्रमाण, प्रभाव, शुद्धता आणि दर्जा कळण्याचा हक्क ग्राहकाला दिलेलाच आहे. पावडरीत मळ काढणारं द्रव्य 8 टक्के आहे की 18, हा प्रभावाचा प्रश्न नाही तर कशाचा?

यावर आक्षेप येतात आणि ते टाकाऊ नाहीत. पहिला, पाकिटामागचं कोण वाचतं? सगळे वाचत नाहीत. पण औषधाच्या पट्टीवरचे घटकही सगळे वाचत नाहीत, तरी ते छापल्यामुळे वाचणाऱ्याला दोन गोळ्या ताडून बघता येतात. ग्राहक संस्थांचंही तसंच. अहमदाबादची कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर अशा तौलनिक चाचण्या करत आली आहे. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून घराघरांसाठी एकत्र खरेदी करते. अशा खरेदीदाराला घटकांचा तक्ता मिळाला तर त्याचा भाव-ताव वेगळ्या पातळीवर जातो. दुसरा आक्षेप दहा रुपयांच्या पुड्याचा, त्यावर जागा कुठे? फुललेल्या फुलांचं आणि उसळत्या पाण्याचं चित्र जिथे मावतं तिथे तीन आकडे मावतात. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आपलं पाणी रोज बदलतं, सकाळी नळ, दुपारी बोअर, मे महिन्यात टँकर, मग कुठली ओळ पाहायची? इथे युरोपची नक्कल पुरणार नाही हे मान्य. म्हणूनच घरच्या घरी जडपणा ओळखायची सोय हवी, आणि ती अवघड नाही. अर्ध्या लिटरची बाटली पाऊण भरून घ्या, आंघोळीच्या साध्या साबणाचा चिमूटभर कीस टाका, दहा-पंधरा वेळा हलवा. वर दाट फेस आणि खाली बऱ्यापैकी नितळ पाणी राहिलं तर पाणी मऊ. फेस लगेच बसला, पाणी दुधट झालं आणि साय धरली तर जड. डिटर्जंट पावडर घेऊन हा प्रयोग जमत नाही, साबणच हवा. ताडून बघायला साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम. मात्रा जास्त होते का हेही तपासता येतं. धुऊन वाळलेला टॉवेल पावडर न टाकता मशीनमध्ये फिरवा. फेस आला तर आजवर घालत होता त्यातलं बरंचसं कापडातच उरत होतं. पुढच्या धुलाईपासून तिसरा हिस्सा कमी करा.

चौथा आक्षेप छोट्या उत्पादकांचा. गावोगावच्या सुट्या पावडरी बनवणाऱ्यांना तपासणीचा खर्च परवडणार नाही आणि बाजार पुन्हा बड्या कंपन्यांच्या घशात जाईल, असं म्हणतात. धोका खरा आहे. पण छोट्या उत्पादकाला आपण काय मिसळतो हे माहीत असतंच, पोत्यावरून मोजूनच तो मिसळतो. टक्केवारीचा पट्टा छापायला प्रयोगशाळा उभारावी लागत नाही. उलट त्याच्या पावडरीत मोठ्या ब्रँडइतकंच द्रव्य असेल, तर आज ते सिद्ध करायला त्याच्याकडे काहीच साधन नाही. जाहिरातीचं बजेट नसलेल्याला छापील आकड्याइतका स्वस्त वकील दुसरा कुठला मिळणार?

समाधानाच्या हिशेबात न येणारं आणखी एक घर आहे, नदीकाठचं. 1950 च्या दशकातले डिटर्जंट फांद्या असलेल्या रेणूंचे होते आणि जीवाणूंना ते पचत नव्हते. जर्मनीतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले. गृहिणींची तक्रार नव्हतीच, कपडे छान निघत होते. 1961 मध्ये तिथे कायदा झाला, 80 टक्के विघटन सक्तीचं झालं, कंपन्यांनी सरळ साखळीचं द्रव्य आणलं आणि कपड्यांत कुणाला फरकही जाणवला नाही. पाणी मऊ करायला पावडरीत घातल्या जाणाऱ्या फॉस्फेटची कथा इतकी गोड नाही. फॉस्फेटवर पोसलेल्या शेवाळानं ईरी सरोवर गुदमरल्यावर अमेरिकेत 1970 च्या दशकात फॉस्फेटवर बंधनं येऊ लागली, तेव्हा त्याच्या जागी सोडा भरलेल्या पहिल्या पावडरींनी कपडे खरोखरच कडक केले. ग्राहकांची नाराजी रास्त होती. पण त्या नाराजीपुढे झुकून बंधनं उठवली असती तर झिओलाइट आणि पॉलिमरवर इतकं काम झालंच नसतं. युरोपीय संघानं घरगुती धुण्याच्या पावडरीतलं फॉस्फेट 2013 पासून जवळपास संपवलं. आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगतो तेव्हा कारखान्यांकडे बोट जातं आणि जायलाच हवं, पण प्रक्रियेविना सोडलेल्या सांडपाण्यात घराघरांतला जादा चमचाही असतो. तो चमचा पडतो कारण नेमकी मात्रा कुणी सांगितलेली नाही, आणि कमी पडण्यापेक्षा जास्त बरी असं प्रत्येकाला वाटतं. पावडर विकणाऱ्याला या गैरसमजाचं दुःख असायचं कारण नाही.

पालिकांकडून मागायची गोष्ट तर त्यांच्या कपाटात तयार आहे. शुद्धीकरण केंद्राची प्रयोगशाळा पाणी तपासते तेव्हा एकूण जडपणा हा त्यातला नेहमीचा रकाना असतो. तो आकडा विभागवार बिलावर छापायला नवं यंत्र लागत नाही, नवा माणूस लागत नाही. टँकरवाल्याला पावतीवर स्रोत आणि जडपणा लिहायला लावणं त्याहून कठीण जाईल, पण सोसायटीच्या सचिवानं वर्षातून दोनदा, एकदा फेब्रुवारीत आणि एकदा मेमध्ये, टाकीचं पाणी तपासून आकडा जिन्याखालच्या फळ्यावर लावला तर तेवढ्यावरही काम भागतं. त्यानंतर गटावर कुणी लिहिलं की अमुक पावडर बेकार आहे, तर त्याला पहिला प्रश्न विचारता येईल: 420 च्या पाण्यात किती ग्रॅम टाकली होतीत?